माणसाच्या मंगळमोहिमेपुढील अडथळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या काठावर दुर्बीण लावून बसलो की रात्रीतून किमान चार जण तरी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : माणूस खरोखर मंगळावर जाणार का, की हे सगळे नुसते बोलणेच आहे? नोकरीची सारी वर्षे ओझरच्या विमान कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीत गेल्यामुळे माझे उत्तर जरा रुक्ष असते, आणि थंडीत उभ्याउभ्या दिल्यामुळे ते बहुधा अर्धवटही राहते. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरे येथे लिहून ठेवली आहेत.

थोडक्यात सांगा : हे अडथळे पार होण्यासारखे आहेत का?

बहुतेक सगळे आहेत. निसर्गनियमांनीच वाट बंद केली आहे, असा एकही अडथळा मला दिसत नाही. प्रारण (रेडिएशन), वजनरहित अवस्था, विरळ हवेत उतरणे, परतीचे इंधन, पाणी, अन्न या प्रत्येकावर काही ना काही उपाय माहीत आहे आणि त्यांतले काही उपाय वापरातही आहेत. अडचण वेगळीच आहे. हे अडथळे एकमेकांत गुंतलेले आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याची अडचण वाढवतो, आणि एकदा निघाल्यावर मधूनच परत फिरता येत नाही. त्यामुळे जे बिघडेल ते तिथेच, हाताशी असलेल्या सामानातून दुरुस्त करावे लागते. पुढची बहुतेक उत्तरे फिरून याच मुद्द्याशी येतात.

मंगळाकडे केव्हाही का निघता येत नाही?

नाशिककरांना हे समजावणे सोपे आहे, कारण आपल्याकडे पर्वणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ येतो, आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षे लागतात म्हणून तो १२ वर्षांनी येतो. मंगळाची पर्वणी सुमारे २६ महिन्यांनी येते. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने फिरते, मंगळ बाहेरच्या कक्षेतून सावकाश, आणि कमी इंधनात पोचण्यासाठी दोघांची जी मांडणी लागते ती दर २६ महिन्यांनी काही आठवडेच जुळते. २०२६ च्या अखेरीस, नंतर २०२८ च्या शेवटी ते २०२९ च्या सुरुवातीस, मग २०३१ आणि २०३३ असा तो क्रम आहे.

मंगळाचे पृथ्वीपासूनचे अंतर सुमारे ५.५ कोटी किलोमीटरपासून ४० कोटी किलोमीटरपर्यंत बदलते. अर्थात यान सरळ रेषेत जात नाही. ते सूर्याभोवती अर्धा फेरा मारत मंगळाला गाठते आणि त्याला सहा ते नऊ महिने लागतात. परतीसाठीही पर्वणीची वाट पाहावी लागते, म्हणजे मंगळावर सुमारे ५०० दिवसांचा मुक्काम आपोआप येतो. जाणे, राहणे आणि येणे मिळून मोहीम पावणेतीन वर्षांच्या आसपास जाते. तीस दिवस राहून लगेच परतण्याचे बेतही कागदावर आहेत, पण त्यांत इंधन फार जास्त लागते आणि प्रवासातले, म्हणजे सर्वांत त्रासाचे दिवस वाढतात.

मग जास्त वेगाने का जात नाही?

वेग वाढवायचा तर इंधन वाढते, ते वाहून न्यायला आणखी इंधन लागते, आणि पोचल्यावर तो वाढीव वेग मारण्यासाठी पुन्हा इंधन लागते. अणुभट्टीत हायड्रोजन तापवून चालणारी इंजिने अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात जमिनीवर चालवून पाहिली होती. तेवढ्याच इंधनात ती रासायनिक इंजिनांच्या जवळपास दुप्पट ढकल देतात. १९७३ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला आणि तसे इंजिन अवकाशात कधी उडालेले नाही.

आपले मंगळयान पहिल्याच प्रयत्नात पोचले. माणसांचे यान पाठवणे इतके वेगळे आहे का?

फारच वेगळे आहे, आणि असे म्हटल्याने मंगळयानाचे मोल तिळभरही कमी होत नाही. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले ते यान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेले आणि सुमारे ४५० कोटी रुपयांत ते काम झाले. मात्र निघताना त्याचे वजन १,३४० किलोच्या आत होते आणि त्यातले सुमारे ८५० किलो निव्वळ इंधन होते. त्याला उतरायचे नव्हते, परतायचे नव्हते, श्वास घ्यायचा नव्हता.

माणसांसाठी घर, अन्न, उतरणारे यान, पुन्हा वर चढणारे यान आणि परतीची सोय हे सगळे धरले की हिशोब शेकडो टनांत जातो. एवढे वजन एका उड्डाणात जात नाही. म्हणून यान पृथ्वीच्या कक्षेत नेऊन, तिथे पाठोपाठ टँकर पाठवून इंधन भरून घेणे हा आज सर्वांत गांभीर्याने मांडला जाणारा मार्ग आहे. अतिथंड द्रवरूप ऑक्सिजन आणि मिथेन वजनरहित अवस्थेत एका टाकीतून दुसरीत घेणे, आणि ते आठवडेच्या आठवडे उकळून उडून जाऊ न देणे, हे काम ऐकायला पेट्रोलपंपासारखे वाटते. पण टाकीत द्रव तळाशीच राहील याचीच जिथे खात्री नाही तिथे ते मुळीच सोपे नाही.

उतरण्यात अवघड काय आहे? बग्ग्या तर उतरल्या आहेत.

मंगळाची हवा अडचणीपुरती आहे आणि उपयोगाला अपुरी आहे. पृष्ठभागावरचा तिचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी भरतो. यान आत शिरताना तापून जळावे एवढी ती असते, पण पॅराशूटने हळूवार उतरवावे एवढी नसते. चंद्रावर हवाच नाही म्हणून सगळे काम इंजिनावर होते, पृथ्वीवर हवा भरपूर म्हणून पॅराशूटवर भागते. मंगळावर दोन्ही लागतात आणि एकातून दुसऱ्यात जायला काही सेकंदच मिळतात.

२०१२ मध्ये उतरलेली क्युरिऑसिटी बग्गी सुमारे ९०० किलोची होती आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरलेली पर्सिव्हरन्स १,०२५ किलोची. ताशी १९,००० किलोमीटरहून अधिक वेगाने शिरलेल्या पर्सिव्हरन्सला साडेएकवीस मीटर व्यासाचे पॅराशूट, त्यानंतर रॉकेटे आणि शेवटी दोरांनी खाली सोडणारी उडती क्रेन एवढे सारे लागले. माणसांसाठी वीस टन किंवा त्याहून जास्त वजन उतरवावे लागेल. पॅराशूट वीसपट मोठे करून ते जमत नाही, कारण तेवढे कापड स्वनातीत, म्हणजे आवाजाहून जास्त, वेगात नीट उघडतच नाही. उपाय दोन दिसतात : हवा भरून फुगवलेले रुंद उष्णतारोधक कवच, ज्याचा सहा मीटर व्यासाचा नमुना नोव्हेंबर २०२२ मध्ये पृथ्वीच्या वातावरणात यशस्वीपणे उतरवून पाहिला गेला, आणि वेगात असतानाच प्रवाहाच्या विरुद्ध इंजिने पेटवणे, जे परत येणाऱ्या रॉकेटांमुळे आज नेहमीचे झाले आहे. हा अडथळा पैसा आणि चाचण्या ओतल्या की सुटेल, असे माझे मत आहे. मात्र माणसे बसवण्याआधी तेच यान रिकामे, दोनतीनदा उतरवून दाखवावे लागेल, आणि दोन चाचण्यांत २६ महिन्यांचे अंतर असते हे लक्षात ठेवलेले बरे.

परतीचे इंधन तिथेच तयार करता येते, हे खरे का?

तत्त्वतः खरे आहे आणि त्याचा पहिला घास घेऊनही झाला आहे. मंगळाच्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. पर्सिव्हरन्सवरच्या मॉक्सी नावाच्या उपकरणाने ती हवा दाबून, सुमारे ८०० अंशांपर्यंत तापवून, विजेच्या साहाय्याने तिच्यातून ऑक्सिजन वेगळा केला. १६ वेळा चालवून २०२३ पर्यंत एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन निघाला. तासाला जास्तीत जास्त १२ ग्रॅम.

चार माणसांचे यान मंगळावरून वर चढवायला २५ ते ३० टन ऑक्सिजन लागतो. तो चौदा महिन्यांत तयार करायचा म्हटला तर तासाला अडीच किलोच्या आसपास, म्हणजे मॉक्सीच्या दोनशेपट वेगाने, रात्रंदिवस यंत्र चालले पाहिजे आणि ऑक्सिजन द्रवरूपात थंडही ठेवला पाहिजे. रसायनशास्त्र जुनेच आहे. कसोटी यंत्र न थांबण्याची आहे. शहाणपणाचा क्रम असा की आधीच्या पर्वणीला यंत्र पाठवावे, टाक्या भरल्याचा निरोप आल्यावरच माणसे निघावीत.

वीज कोठून येणार?

मंगळावर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच पडते, आणि तेही भरवशाचे नाही. २०१८ च्या धुळीच्या वादळाने सारा ग्रह झाकोळला तेव्हा सौरऊर्जेवर चालणारी ऑपॉर्च्युनिटी बग्गी १० जूनच्या निरोपानंतर कायमची गप्प झाली. त्याच वेळी अणुऊर्जेवरची क्युरिऑसिटी मात्र चालूच होती. इनसाइट हे यानही पट्ट्यांवर साचलेल्या धुळीमुळेच डिसेंबर २०२२ मध्ये संपले. त्यामुळे माणसांच्या तळासाठी छोटी अणुभट्टी जवळपास अनिवार्य आहे. १ ते १० किलोवॉटच्या अशा भट्टीचा नमुना २०१८ मध्ये नेवाडात चालवून पाहिलेला आहे. तळाला अशा अनेक लागतील.

वैश्विक किरणांमुळे माणसे वाटेतच मरतील का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, पण उलट बाजूने हा प्रश्न किरकोळ आहे असे म्हणणेही चूक ठरेल.

क्युरिऑसिटीने २०११-१२ मधल्या प्रवासात आणि नंतर पृष्ठभागावर प्रारण मोजले आहे. प्रवासात दिवसाला सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट (हे प्रारण मोजण्याचे एकक) आणि मंगळावर सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट असे ते आकडे आहेत. जाण्यायेण्याचे ३६० दिवस आणि मुक्कामाचे ५०० दिवस धरले तर बेरीज एक हजार मिलिसिव्हर्टच्या जवळ जाते. पृथ्वीवर आपल्याला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. नासाने आपल्या अंतराळवीरांसाठी संपूर्ण कारकिर्दीची मर्यादा ६०० मिलिसिव्हर्ट ठेवलेली आहे. एक हजार मिलिसिव्हर्टमुळे पुढील आयुष्यात कर्करोगाने मृत्यू येण्याची शक्यता ढोबळ मानाने पाच टक्क्यांनी वाढते असे धरतात. म्हणजे मंगळवीर खोकत, रक्त ओकत पोचणार नाहीत. ते परत येतील आणि वीस वर्षांनी एखाद्याला त्याची किंमत मोजावी लागेल. मेंदूवर आणि रक्तवाहिन्यांवर वैश्विक किरणांतल्या जड कणांचा काय परिणाम होतो, याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत आणि ते निश्चिंत करणारे नाहीत.

जाड भिंत का बांधत नाही, असे लगेच विचारले जाते. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून येणारे हे कण इतके जोरदार असतात की धातूच्या पातळ भिंतीवर आदळल्यावर ते थांबण्याऐवजी नवे कण उडवतात. पाणी आणि प्लास्टिक यांसारखे हायड्रोजनयुक्त पदार्थ धातूपेक्षा चांगले, पण पुरेसा थर द्यायचा तर यानाचे वजन पेलत नाही. मंगळावर पोचल्यावर मात्र दोनतीन मीटर माती छपरावर टाकून घेता येते.

सूर्यावरून अचानक येणाऱ्या कणांच्या झोताची गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये तसा मोठा झोत आला. एप्रिलमधले अपोलो १६ हे माणसांचे चांद्रयान परतलेले होते आणि अपोलो १७ डिसेंबरमध्ये जायचे होते, म्हणून कोणी सापडले नाही. अशा वेळी यानाच्या मध्यभागी पाण्याच्या आणि अन्नाच्या साठ्याने वेढलेल्या कोनाड्यात काही तास, फार तर दोनेक दिवस दाटीवाटीने बसणे हा उपाय पुरेसा आहे. थोडक्यात, सूर्याचे प्रारण टाळता येते, वैश्विक किरणांचे काही प्रमाणातच टाळता येते. उरलेला धोका समजून उमजून पत्करावा लागेल. सगळ्या यादीत पूर्ण सुटणार नाही असे मला वाटते ते एवढे एकच कलम.

इतके दिवस वजनाशिवाय राहून शरीर टिकेल का?

टिकते, हे माहीत आहे. वालेरी पोल्याकोव्ह हे रशियन डॉक्टर १९९४-९५ मध्ये मीर या रशियन अंतराळ स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि उतरल्यावर कुपीपासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेले. मंगळाचा एका बाजूचा प्रवास त्याहून बराच कमी दिवसांचा आहे. व्यायाम केला नाही तर शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांतली घनता महिन्याला एक ते दीड टक्का कमी होते, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम सक्तीचा असतो. काहींच्या डोळ्यांच्या नसांना सूज येऊन नजर बदलते आणि त्यावर हमखास इलाज अजून हाती नाही.

मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे. त्यात दीड वर्ष राहिल्याने शरीर सावरते की खालावतच जाते, हे कोणालाही ठाऊक नाही, कारण माणूस दीर्घकाळ राहिला आहे तो एकतर पूर्ण वजनात किंवा शून्य वजनात. चंद्रावरचा सर्वांत लांब मुक्काम तीन दिवसांचा होता. यान गरगर फिरवून वजन निर्माण करता येते. ५६ मीटरच्या त्रिज्येत मिनिटाला चार फेरे दिले तर पृथ्वीएवढे वजन मिळते. गणित शाळकरी आहे, पण एवढे यान बांधायला आजवर कोणी धजावलेले नाही.

पाण्याचे काय? मूत्रातून पाणी काढून पितात म्हणे.

काढतात, आणि ते नाशिकच्या उन्हाळ्यात टँकरने येणाऱ्या पाण्यापेक्षा स्वच्छ असते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतले ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. मंगळमोहिमेला लागणारा टप्पा साधारण हाच होता, म्हणजे आकड्यापुरता हा अडथळा पार झाला आहे. पण तिथवर पोचताना जे घडले ते मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण अडथळे एकमेकांत गुंततात म्हणजे काय हे त्यातून नीट कळते.

मूत्राचे ऊर्ध्वपातन करणारे यंत्र स्थानकावर बसवल्यावर काही काळातच आत पांढऱ्या क्षाराचा थर बसून तुंबले. पृथ्वीवर हेच यंत्र ८५ टक्के पाणी सहज देत होते. शोध घेतल्यावर कळले की वजनाअभावी अंतराळवीरांच्या हाडांतून कॅल्शियम झिरपते, ते मूत्रात उतरते, आणि मूत्र टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फ्युरिक आम्लाशी त्याची गाठ पडून कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, तळाशी बसते. पृथ्वीवरच्या चाचणीत ज्यांचे मूत्र वापरले होते त्यांची हाडे शाबूत होती! हाडांचा प्रश्न वैद्यकाच्या खात्यात होता, यंत्राचा प्रश्न अभियंत्यांच्या खात्यात, आणि दोघांची भेट एका नळीत झाली. पुढे सल्फ्युरिकऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरायला सुरुवात झाली आणि पाण्याचे प्रमाण पुन्हा वाढवता आले.

हे वाचले तेव्हा मला निफाड तालुक्यातली मेव्हण्याची द्राक्षबाग आठवली. त्याच्या बोअरचे पाणी जड आहे. ठिबकची लॅटरल उचलून ड्रिपर नखाने खरवडला की पांढरी खपली हातात येते, आणि ज्या वेलीच्या बुडाशी तो ड्रिपर असतो तिची पाने शेजारणीच्या आधी कोमेजलेली असतात. तोही हंगामात एकदोनदा नळ्यांतून फॉस्फोरिक आम्ल सोडतो. फरक इतकाच की त्याला आम्ल पिंपळगावच्या दुकानात मिळते आणि नळी फारच तुंबली तर तो कापून नवी जोडतो.

मंगळावरच पाणी आहे ना?

बर्फाच्या रूपात भरपूर आहे. फिनिक्स यानाने २००८ मध्ये उत्तरेकडे काही सेंटीमीटर माती खरवडली आणि खाली पांढरा बर्फ निघाला. पण बर्फ सहज सापडतो तो विषुववृत्तापासून दूर, ऊन आणि ऊब मिळते ती विषुववृत्ताजवळ, आणि उतरायला सखल जागा हवी कारण उंचावर ब्रेक लावण्याइतकीही हवा उरत नाही. तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी जुळणारी जागा शोधणे हे स्वतंत्र काम आहे.

बिघाड झाला तर?

हा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो आणि माझ्या मते तो पहिला असायला हवा.

मोहिमेत एकामागून एक दहा कामे निर्दोष व्हायची आहेत असे समजा आणि प्रत्येक काम शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर होते असे धरा. दहाही बरोबर होण्याची शक्यता ९८ टक्के नसते. ती ८२ टक्क्यांच्या आसपास येते. तपासणी विभागात नव्याने आलेल्या मुलांना मी हा हिशोब कागदावर करायला लावत असे, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘एवढ्याने काय होतंय’ हे वाक्य कमी ऐकू येई. मंगळमोहिमेत अशी कामे दहा नसून हजारो आहेत.

अपोलो १३ मध्ये १३ एप्रिल १९७० रोजी ऑक्सिजनची टाकी फुटली, आणि चार दिवसांत तिघे परतले. स्थानकात काही बिघडले तर सुटा भाग पाठवता येतो. मे २०२४ च्या अखेरीस मूत्रशुद्धीचा पंप बंद पडला तेव्हा सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्या कपड्यांच्या बॅगा खाली ठेवून त्यांच्याच यानातून नवा पंप पाठवला गेला. पुढे त्या दोघांचा आठवडाभराचा मुक्काम २८६ दिवसांवर गेला तो यानातल्या बिघाडामुळे, आणि स्थानकात साठा होता म्हणूनच निभावला. मंगळाच्या वाटेवर असा साठा फक्त बरोबर नेलेला असतो. मेव्हण्याच्या पंपाचे सील गेले तर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून दोन तासांत येते. मंगळावरून अंबड पावणेतीन वर्षे लांब आहे.

उपाय आहेत, पण कंटाळवाणे आहेत आणि त्यांच्या बातम्या होत नाहीत : सगळीकडे एकाच मापाचे पंप आणि झडपा बसवणे म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याला लागतो, आख्ख्या पेटीऐवजी आतला लहान भाग बदलता येईल अशी रचना करणे, भाग छापून देणारे यंत्र नेणे, आणि प्रत्येक यंत्र आधी पृथ्वीवर तीन वर्षे न थांबता चालवून पाहणे. या शेवटच्या गोष्टीला पर्याय नाही. तीन वर्षे टिकते का हे पाहायला तीन वर्षेच लागतात.

कोणी आजारी पडले तर?

पृथ्वीवरून निरोप पोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. सूर्य मधे आला की दोनेक आठवडे संपर्कच तुटतो. म्हणून किमान एक डॉक्टर लागेल, आणि तोच आजारी पडेल या हिशोबाने दुसऱ्यालाही बरेचसे शिकवावे लागेल. स्थानकावर एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली तेव्हा पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करवून घेत औषध चालू केले आणि नवे औषध पुढच्या मालवाहू यानातून पोचवले. यातला शेवटचा भाग मंगळावर घडणार नाही.

एवढे दिवस चारसहा माणसे एका खोलीत भांडल्याशिवाय राहतील?

भांडून राहतील. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहा पुरुष ५२० दिवस बंद यानाच्या प्रतिकृतीत राहिले. ह्यूस्टनला २०२३-२४ मध्ये चौघे जण ३७८ दिवस मंगळावरच्या घराच्या प्रतिकृतीत राहिले. दोन्ही प्रयोग पूर्ण झाले. झोप बिघडणे आणि मरगळ येणे हे त्रास दिसले, पण कोणी दार ठोठावून बाहेर आले नाही. खऱ्या मोहिमेत दारच नसेल, हा फरक उरतोच.

मंगळावर द्राक्षे पिकवता येतील का?

हा प्रश्न फक्त नाशिकमध्येच विचारला जात असावा. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार अर्ध्या ते एक टक्क्यापर्यंत असतात आणि ते थायरॉइडला घातक आहेत. ते पाण्यात विरघळतात, त्यामुळे क्षारपड जमीन धुतात तशी माती धुऊन घेता येईल, अर्थात बंद घरात. द्राक्षवेल फळाला यायला दीड-दोन वर्षे लागतात, तोवर मंडळी परतीला लागलेली असतील. शिवाय ६८७ दिवसांच्या वर्षात ऑक्टोबर छाटणी कधी करायची हा तिढा आहेच. पहिल्या मोहिमा डबाबंद अन्नावरच जातील. चौघांना हजार दिवसांसाठी वेष्टनासह सात टनांच्या आसपास अन्न लागते, आणि साठवणीत क आणि ब-१ जीवनसत्त्वे उतरत जातात, म्हणून थोडा ताजा पाला तरी पिकवावा लागेल. स्थानकावर अंतराळवीरांनी स्वतः वाढवलेले लेट्यूस २०१५ मध्ये खाल्ले.

हे सगळे यंत्रे करू शकत असतील तर माणूस कशाला?

दहा वर्षांपूर्वी मी माणसाच्या बाजूने तावातावाने बोलत असे. आता तितकी खात्री वाटत नाही. बग्गी एका दिवसात जेवढे करते तेवढे प्रशिक्षित भूवैज्ञानिक हातोडी घेऊन तासाभरात करील, हे खरे आहे. पण त्याला तिथे जिवंत ठेवायच्या खर्चात बग्ग्या पुष्कळ जातील, हेही खरे आहे. शिवाय माणसाबरोबर अब्जावधी जिवाणू जातात. मंगळावर स्वतःचे काही सूक्ष्मजीव असलेच तर ते शोधण्याआधीच आपण गोंधळ करून ठेवू, आणि १९६७ चा बाह्य अवकाश करार असे प्रदूषण टाळण्याचे बंधन घालतो.

भारताचा यात काही वाटा असेल का?

भारताचे जाहीर केलेले टप्पे गगनयान, २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय असे आहेत. माणसाला मंगळावर नेण्याची तारीख त्यांत नाही, आणि नसणे योग्यच आहे. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेल्यावर शुभांशू शुक्ला स्थानकावर पोचेपर्यंत २०२५ उजाडले. राकेश शर्मा नंतर ओझरलाच चाचणी वैमानिक होते, हे नाशिकच्या पुष्कळ जणांना माहीत नसते. तयार विमान पहिल्यांदा आकाशात नेऊन त्याची खोडी शोधायची, हे त्यांचे काम होते, आणि मंगळमोहिमेला तीच वृत्ती लागते.

मग माणूस मंगळावर कधी उतरेल?

जाहीर झालेल्या तारखा आजवर पुढेच ढकलल्या गेल्या आहेत. कक्षेत इंधन भरणे, रिकामे जड यान उतरवणे, तिथे ऑक्सिजन तयार करून टाकी भरणे आणि तीन वर्षे न थांबणारी जीवनाधार यंत्रणा, या चार गोष्टी दाखवल्या गेल्यावर मोजणी सुरू करावी. एकेक पर्वणी धरून हिशोब केला तर २०४० च्या आधी ते होईल असे मला वाटत नाही. २०४० च्या दशकात झाले तर आश्चर्य वाटणार नाही.

तोपर्यंत नाशिकहून मंगळ चांगला कधी दिसेल?

१९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळ प्रतियुतीत असेल, म्हणजे सूर्य मावळताना पूर्वेला उगवून रात्रभर दिसेल आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येईल. अंतर सुमारे १० कोटी किलोमीटर, म्हणजे तसे लांबच. पण सिंहस्थाच्या त्या दिवसांत गुरूही मंगळाच्या जवळपासच असल्यामुळे पिवळसर गुरू, तांबडा मंगळ आणि मघा नक्षत्राचा तारा एकाच भागात दिसतील. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. शहराच्या दिव्यांपासून दूर, गंगापूर धरणाकडे किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी जावे आणि स्वेटर न्यावा. दुर्बिणीतून ठळक मंगळ पाहायचा असेल तर सप्टेंबर २०३५ पर्यंत थांबावे. तेव्हा तो ५.७ कोटी किलोमीटरवर येईल, मात्र तो पावसाळा असेल.